पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय? मग फाईल, उपास आणि पुढचे पंधरा दिवस

आईला पहाटे पाचला चहा लागतो. चाळीस वर्षांची सवय. ऑपरेशन सकाळी नऊचं होतं आणि रात्रीनंतर तोंडात काही घालायचं नाही असं सिस्टरनी दोनदा बजावलं होतं. तरी पाचला तिने थर्मासमधला अर्धा कप चहा घेतलाच. भूलतज्ज्ञांनी विचारल्यावर अगदी सरळपणे म्हणाली, "छे, काही खाल्लं नाही. नुसता चहा घेतला." तिच्या लेखी उपासाला चहा चालतो. ऑपरेशन नऊचं दुपारी दोनवर गेलं, आणि चूक तिची नव्हती, माझी होती. 'उपाशी राहायचं' म्हणजे नेमकं काय, हे तिला तिच्या भाषेत कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर मामांसाठी आणि शेजारच्या काकूंसाठीही मी याच ऑपरेशनला सोबतचा माणूस म्हणून बसलो. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी घ्यायची, कुठली बंद करायची, ऑपरेशन करायचं की नाही, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण ऑपरेशन थिएटरच्या बाहेर जे घडतं त्यातलं बरंचसं आपल्या हातात असतं आणि गोंधळही तिथेच होतो. म्हणून हे क्रमाने लिहून ठेवतो आहे.

पित्त वेगळं, पित्ताशय वेगळं

मराठीत 'पित्त झालं' म्हणजे आंबट ढेकर, छातीत जळजळ, डोकं धरणं. तो पोटातल्या आम्लाचा त्रास. पित्ताशयाचा त्याच्याशी संबंध नाही. शब्द एकच असल्यामुळे खडे असलेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं 'पित्ताच्या' गोळ्या खात राहतात. आमची आई चार वर्षं खात होती.

पित्ताशय ही यकृताच्या खाली चिकटलेली, बोटभर लांबीची, नाशपातीच्या आकाराची पिशवी. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं, त्यातला थोडा या पिशवीत आटवून साठवला जातो. तेल-तुपाचं जेवण झालं की पिशवी आकसते आणि रस आतड्यात सोडते. खडा तोंडाशी अडकला तर ही आकसलेली पिशवी दुखते. म्हणून दुखणं बहुधा लग्नाच्या पंगतीनंतर रात्री उठतं: उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खालच्या खळग्यात, कधी पाठीत उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत, आणि अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकतं. एक सावधगिरी मात्र हवी. हृदयविकाराचं दुखणंही याच खळग्यात येऊ शकतं. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला असं पहिल्यांदा दुखलं तर ईसीजी आधी, सोनोग्राफी नंतर.

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे सापडले आणि त्रास काहीच नसेल, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. खडा तीन सेंटिमीटरच्या वर असणं, सोबत पॉलिप (आतल्या भिंतीवर वाढलेली लहान गाठ) असणं, पिशवीची भिंत कडक झालेली असणं, असे अपवाद आहेत. 'खडे आहेत, उद्याच काढून टाका' असं कुणी घाईने म्हणालं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला लाजू नका. उलट दुखणं वारंवार येत असेल, ताप किंवा कावीळ झाली असेल, तर टाळाटाळ महागात पडते.

नातेवाईक हमखास विचारतात, 'मुतखड्यासारखे फोडून काढता येत नाहीत का?' नाही. मूत्रपिंड ठेवावंच लागतं, म्हणून तिथे खडे फोडतात. पण खडे बनवणारी पिशवी ठेवून नुसते खडे काढले तर ते पुन्हा होतात. खडे विरघळवणारी गोळी लहान, ठरावीक प्रकारच्या खड्यांवरच, तीही कित्येक महिन्यांनी, चालते आणि बंद केल्यावर खडे परत येऊ शकतात. आणि व्हॉट्सॅपवर फिरणारा तो ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा प्रयोग! सकाळी शौचात पडणारे हिरवे गोळे बहुतेक त्या तेलाचेच पोटात बनलेले साबणासारखे गोळे असतात, खडे नव्हेत. मामांनी ते डबीत घालून डॉक्टरांना दाखवले होते. सोनोग्राफीत खडे जागच्या जागी होते.

सर्जनकडे जाताना चार प्रश्न कागदावर

तोंडी ठरवलेले प्रश्न केबिनमध्ये आठवत नाहीत. लिहून न्या.

पहिला: मुख्य पित्तनलिकेत खडा आहे का? रक्तात बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा घटक) वाढलेलं असेल किंवा सोनोग्राफीत नलिका रुंद दिसत असेल तर एमआरसीपी नावाचा स्कॅन सांगतात. नलिकेत खडा निघाला तर बहुधा आधी तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपीने, तो काढतात आणि मग पिशवीचं ऑपरेशन करतात. हा टप्पा माहीत नसला की 'एका ऑपरेशनला आलो आणि दोन सांगताहेत' असा संशय उगाच येतो.

दुसरा: पिशवी पोटाला छोटी भोकं पाडून दुर्बिणीतून काढतात, पण तसं झालं नाही तर? पिशवी फार सुजलेली, चिकटलेली असली तर सर्जन मधेच पोट उघडून ऑपरेशन पूर्ण करतात. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये असं शंभरातल्या थोड्याच जणांना होतं. ते अपयश नसतं. दिसत नसताना कापत राहण्यापेक्षा उघडणारा सर्जन बरा.

तिसरा: काय बिघडू शकतं? सगळ्यात गंभीर म्हणजे पित्तनलिकेला इजा. हजारात तीन ते पाच असं प्रमाण साधारण सांगितलं जातं. डॉक्टरांनी हे स्वतःहून सांगितलं तर घाबरू नका, तो डॉक्टर सरळ आहे असं समजा.

चौथा: सगळं धरून खर्च किती, आणि पॅकेजमध्ये काय येत नाही?

वडीलधाऱ्यांचे सल्ले ऐकताना एक लक्षात ठेवा. माझ्या मावशीच्या पोटावर उजवीकडे वीतभर तिरका व्रण आहे. तिचं ऑपरेशन १९८६ चं, दहा दिवस ती रुग्णालयात होती. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सुरुवात झाली १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमटन उदवाडिया यांच्या हातून. आता पोटावर बहुधा चार भोकं असतात, पाच ते दहा मिलिमीटरची, आणि एक-दोन दिवसांत घरी सोडतात. 'महिनाभर पलंगावरून उठू नको' हा सल्ला मावशीच्या काळातला आहे.

पैसे आणि कागद

विमा असेल तर पॉलिसीतल्या तीन गोष्टी आजच बघा. पित्ताशयाचे खडे बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागणाऱ्या आजारांच्या यादीत असतात. पॉलिसी नवी असेल तर दावा नाकारला जाईल, आणि हे डिस्चार्जच्या दिवशी कळण्यात अर्थ नाही. दुसरी, खोलीभाड्याची मर्यादा. मर्यादा रोज ४,००० रुपये आणि तुम्ही घेतली ८,००० ची खोली, तर फरक फक्त भाड्याचा राहत नाही. सर्जनची फी, थिएटर, भेटीची फी, सगळं त्याच प्रमाणात कापलं जाऊ शकतं. औषधांना ही कात्री लागत नाही, पण उरलेला आकडा पुरेसा मोठा असतो. काकूंच्या मुलाने 'आईला एसी खोली हवीच' म्हणून घेतली आणि बिलाच्या वेळी डोक्याला हात लावला. तिसरी, कॅशलेसचा अर्ज. ठरलेलं ऑपरेशन असेल तर भरती होण्याच्या दोन-तीन दिवस आधी रुग्णालयाच्या विमा खिडकीवर तो द्या. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार पूर्वमंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. तीन तासांपुढे उशीर झाल्याने रुग्णालयाने जास्त पैसे लावले तर ते विमा कंपनीने भरायचे. खिडकीवर हा नियम शांतपणे सांगितला की काम हलतं, हा अनुभव.

विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा 'आरोग्यमित्र', म्हणजे रुग्णालयातला मदतनीस, कुठे बसतो ते विचारा. योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण प्रत्येक ऑपरेशन प्रत्येक रुग्णालयात बसतं असं नाही, म्हणून रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरतीच्या आधी विचारायचं, नंतर नाही. मोठं रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणं त्याला बंधनकारक आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तो काढायला वेळ जातो, म्हणून ऑपरेशनची तारीख मिळाली की त्याच आठवड्यात अर्ज करा. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावण्याचा नियम महाराष्ट्रातल्या खाजगी रुग्णालयांना २०२१ पासून आहे. फलक दिसला नाही तर विचारा, भांडू नका. विचारलं की बहुधा कुणीतरी तो आतल्या खोलीतून काढून दाखवतं.

एकच फाईल करा. वरती एक कागद: नाव, वय, रक्तगट, कशाकशाची ॲलर्जी, आजवरची ऑपरेशनं, चालू गोळ्या नाव आणि मिलिग्रॅमसकट. 'सकाळी एक पांढरी, रात्री अर्धी गुलाबी' यावर सिस्टर काहीच करू शकत नाही.

गोळ्या: स्वतःच्या मनाने ना चालू, ना बंद

रक्त, लघवी, साखर, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे हे नेहमीचं. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. यात जास्त लिहिण्यासारखं काही नाही. गोळ्यांबद्दल मात्र लिहायला हवं, कारण गोंधळ तिथे होतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. क्लोपिडोग्रेल आणि वॉरफेरिन ऑपरेशनच्या साधारण पाच दिवस आधी थांबवायला सांगतात. पण हृदयात स्टेंट असेल तर हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून घ्यायचा असतो. ॲस्पिरिन कधी चालू ठेवतात, कधी बंद करतात. दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं कागदावर लिहून घ्या.

मधुमेहाच्या गोळ्या. मेटफॉर्मिन बहुधा ऑपरेशनच्या दिवशी सकाळी देत नाहीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या, लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो आणि तो साखर ठीक असतानाही होऊ शकतो. कॉम्बिनेशनच्या गोळीत हे औषध लपलेलं असतं, म्हणून पाकिटावरचं बारीक नाव वाचा. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, आठाच्या फार वर असेल तर घाई नसलेलं ऑपरेशन पुढे ढकलण्याचा सल्ला मिळू शकतो. जखम भरण्यासाठी ते चांगलंच असतं.

रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या आणि थायरॉइडची गोळी त्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत चालू ठेवायला सांगतात. टेल्मिसार्टनच्या गटातल्या गोळ्या मात्र बरेच भूलतज्ज्ञ आदल्या दिवशीच थांबवतात. विचारून घ्या.

काढे, चूर्णं, गुडघेदुखीच्या 'देशी' पुड्या हेही सांगा. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलेल्या माणसाचा रक्तदाब ऑपरेशनमध्ये कोसळू शकतो. 'ते काय औषध नाही, झाडपाला आहे' असं म्हणून गप्प बसू नका.

भूलतज्ज्ञांपासून लपवाल ते तुमच्याच अंगाशी येईल

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पूर्ण भूल देतात आणि श्वासनलिकेत नळी घालतात. ती घालायला तोंड नीट उघडावं लागतं. भूलतज्ज्ञ आ करायला लावतात आणि तीन बोटं उभी मावतात का पाहतात. गुटखा, सुपारी खाणाऱ्यांचा जबडा कडक होतो, दीडच बोट जातं. ते आधी कळलं तर वेगळी तयारी करता येते, बारीक दुर्बिणीने नळी घालता येते. थिएटरमध्ये, गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर कळणं ही वाईट वेळ.

बायकांच्या मशेरीबद्दल तर कुणी विचारतही नाही. आमच्या काकू रोज दोनदा लावतात. 'तंबाखू खाता का?' ला त्यांचं उत्तर 'नाही' असं. मशेरी लावणं म्हणजे तंबाखू खाणं असं त्यांना वाटतच नाही. सुनेने हळूच सांगितलं म्हणून कळलं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर प्रश्न बदलून विचारा.

सिगारेट चार आठवडे आधी सोडली तर फुप्फुसांना आणि जखमेला खरा फायदा. तेवढा वेळ नसेल तर निदान आदल्या दिवसापासून तरी नको. दारू, झोपेच्या गोळ्या, दमा, झोपेत श्वास अडकणं, मागच्या भुलेच्या वेळी झालेला त्रास, हलणारा दात, कवळी, आणि गेल्या पंधरा दिवसांतला सर्दी-खोकला, सगळं सांगा. नातेवाइकांसमोर संकोच वाटत असेल तर 'डॉक्टर, दोन मिनिटं एकट्याने बोलायचं आहे' असं म्हणा. डॉक्टरांना याची सवय असते.

आदली रात्र आणि उपास

आता चहावर येतो. नियम साधारण असा: जड अन्न आठ तास आधी, हलकं अन्न आणि दूध सहा तास आधी, पाण्यासारखं आरपार दिसणारं पेय दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा या हिशेबात अन्नात मोडतो. बिस्कीट अन्न, ताक अन्न, राजगिऱ्याचा लाडू अन्न. साधं पाणी आणि बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत सहसा चालतो, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी जी वेळ दिली असेल तीच पाळा. कारण साधं आहे. भुलेत घशाचं राखण थांबतं, पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. चुकून काही खाल्लंच, तर सांगून टाका. उशीर परवडतो.

वयस्कर माणसाला 'उपाशी राहा' म्हणू नका. 'रात्री नवाला जेवण, त्यानंतर चहा नाही, दूध नाही, उपासाचंही काही नाही, पाणी सकाळी सातपर्यंत' असं घड्याळाच्या भाषेत सांगा आणि थर्मास रात्रीच घरी पाठवा.

साबणाने अंघोळ करा आणि बेंबी नीट साफ करा, कारण एक भोक बहुधा तिथेच असतं. तेल आणि साबण लावून हलक्या हाताने. टोकदार काही घालू नका. पोटावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. वस्तऱ्याने पडलेल्या बारीक चिरांतून जंतू शिरतात. गरज असेल तर रुग्णालयात यंत्राने काढतील. नेलपॉलिश पुसा आणि हातावर नवी मेंदी लावू नका, बोटाला लावतात त्या चिमट्याला ऑक्सिजन मोजताना दोन्हीचा अडथळा होऊ शकतो. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, चमकी घरीच ठेवा. मंगळसूत्र काढायला आई तयार नव्हती. सिस्टर जुनी होती. तिने ते कागदात बांधून आईच्याच हाताने माझ्या खिशात ठेवायला लावलं आणि म्हणाली, "आता ते मुलाकडे आहे, तुमच्याकडेच आहे." सक्ती करण्यापेक्षा हे चांगलं.

संमतीपत्र वाचून सही

सज्ञान, शुद्धीवर असलेल्या पेशंटने स्वतः सही करायची. मुलगा कमावता आहे किंवा नवरा घरचा कर्ता आहे म्हणून त्याची सही पुरत नाही, ती साक्षीदाराची. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे की एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही, जीव वाचवण्याची तातडी सोडून. म्हणूनच 'गरज पडल्यास पोट उघडून' हे वाक्य अर्जात असायला हवं आणि त्याचा अर्थ तुम्हाला आधी समजलेला हवा. अर्ज इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागा, नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. रिकाम्या जागा असलेल्या छापील कागदावर सही करू नका. भुलेचा अर्ज वेगळा असतो.

थिएटरच्या दारात

नाव, वय, कुठलं ऑपरेशन, ॲलर्जी, हे तीन-तीन माणसं विचारतात. मामा चिडले, 'यांना एवढंही माहीत नाही?' माहीत असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी सुरक्षा-यादी आणली. भुलेआधी, पहिल्या छेदाआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी अशी तीनदा पडताळणी तिच्यात आहे. प्रत्येक वेळी पूर्ण उत्तर द्या, नुसती मान हलवू नका.

ऑपरेशन तासाभराचं असलं तरी भूल देणं, उतरवणं, रिकव्हरीत ठेवणं धरून पेशंट तीन तासांनी दिसतो. 'अजून कसे आले नाहीत' म्हणून दर दहा मिनिटांनी काचेवर टकटक करू नका. सोबतच्यापैकी एकाने जेवून यावं. खरंच सांगतो, चक्कर येऊन पडणारे नातेवाईक मी दोन पाहिले.

पहिली रात्र

पोट फुगवून जागा करण्यासाठी आत कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. थोडा राहतो आणि छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला टोचतो, त्यामुळे दुखतं ते पोटाऐवजी खांद्यात. आईला वाटलं झोपताना मान अवघडली. एक-दोन दिवसांत जातं, चालल्याने लवकर.

त्याच संध्याकाळी, डॉक्टरांनी सांगितलं की, उठायचं. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून पाच मिनिटं बसायचं, मग कुणाला तरी धरून उभं राहायचं. चालण्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवत राहा. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर त्यात श्वास आत ओढायचा असतो, फुंकायचं नसतं. निम्मी माणसं फुंकतात. खोकला आला तर पोटावर उशी दाबून खोका.

दुखणं सोसण्यात शौर्य नाही. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, चालत नाही आणि त्यातून न्यूमोनिया होतो. सिस्टरला आकड्यात सांगा, दहापैकी किती.

भेटायला येणाऱ्यांना तुम्हीच अडवा. एक माणूस सोबत, बाकीच्यांनी फोन. मामांच्या वेळी जत्रेतून आल्यासारखी सात माणसं खोलीत बसली होती, आणि त्यातल्या एकाला ताप होता.

डिस्चार्ज आणि घर

निघण्याआधी डिस्चार्ज कार्डावर हे आहे का बघा: काय केलं, पोटात धातूच्या क्लिपा ठेवल्या का (बहुधा असतात, त्या आयुष्यभर राहतात, त्रास देत नाहीत), गोळ्या किती दिवस, बंद केलेल्या जुन्या गोळ्या कधी सुरू करायच्या, टाके कधी, रात्री-बेरात्री फोन कुणाला. जुन्या गोळ्यांचा मुद्दा हमखास सुटतो. मामांचं क्लोपिडोग्रेल पुन्हा सुरू करायला कुणी सांगितलंच नाही. विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, 'अरे, कालपासूनच घ्यायला हवी होती.' पूर्ण कागदपत्रांच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, तेव्हा संकोचू नका.

अंघोळ साधारण दोन दिवसांनी, डॉक्टर सांगतील तशी. जखमेवर हळद, तूप, राख काही लावू नका, कोरडी ठेवा. जिना चढायला हरकत नाही. दुचाकी, दुखणं थांबून अचानक ब्रेक दाबता येईपर्यंत नको, एक-दोन आठवडे तरी. बसून करायचं काम बहुतेकांना आठवड्या-दोन आठवड्यांत जमतं. वजन उचलणं मात्र तीन-चार आठवडे टाळा. भरलेला घरगुती सिलेंडर तीस किलोच्या आसपास असतो, पाण्याची कळशीही कमी नसते. बेंबीजवळच्या भोकातून हर्निया व्हायला एक जोराचा हिसका पुरतो.

खाण्यावरून घरात जेवढे वाद होतात तेवढे बिलावरूनही होत नाहीत. 'आंबट खाल्लं की टाके पिकतात', 'भाताने पू होतो'. यात तथ्य नाही. टाके पिकतात ते जंतूंनी आणि वाढलेल्या साखरेने. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणजे वरण, दही, अंडं, मासे, पनीर. पहिले काही दिवस मऊ भात, मुगाचं वरण, ताक, उकडलेल्या भाज्या, थोडं थोडं. तळलेलं काही आठवडे कमी, मग हळूहळू नेहमीचं. पिशवी गेली तरी पित्तरस बनतोच, फक्त साठत नाही, थेट आतड्यात झिरपत राहतो. त्यामुळे काहींना काही आठवडे पातळ शौचाला होतं. आयुष्यभर तूप वर्ज्य करायची गरज नसते. आई आता पुरणपोळीवर तूप घेते, मावशीला ते अजून पटत नाही.

यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका

१०१ च्या आसपास किंवा वर ताप, थंडी वाजून येणं. डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी, शौच पांढुरकं. दुखणं रोज कमी होण्याऐवजी वाढत जाणं, पोट फुगणं, उलट्या न थांबणं. जखमेतून पू किंवा हिरवट-पिवळं पाणी. एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप लागणं. यात फोनवर बोलून घरगुती उपाय नको, त्याच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात फाईल घेऊन जा. 'गॅस झाला असेल' असं म्हणून दोन दिवस काढणारे फार असतात, आणि पित्तरस पोटात झिरपत असेल तर दोन दिवस फार होतात.

शेवटचं काम हमखास राहून जातं. काढलेली पिशवी तपासणीला पाठवतात. थोड्या, अगदी थोड्या पेशंटमध्ये तिच्यात कर्करोग सापडतो, आणि तो इथेच, या कागदावर, पहिल्यांदा कळतो. रिपोर्ट यायला आठवडा-दहा दिवस लागतात, तोवर पेशंट घरी पोचलेला असतो. खडे मात्र बाटलीत भरून घरी आणलेले असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले जातात. काकूंच्या मुलाने एकवीस खडे मोजले होते, रिपोर्ट महिनाभर प्रयोगशाळेच्या खिडकीत पडून होता. टाके काढायच्या दिवशी तो घेऊन जा, सर्जनला वाचायला लावा आणि फाईलमध्ये डिस्चार्ज कार्डाच्या मागे लावा. बाटली टाकून दिली तरी चालेल.